टाळू भरल्यानंतर

तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना आपण त्याच्या टाळूवर तेल घालतो, तेव्हा बोटाखाली काहीतरी हलकेच उडताना लागतं. पहिलटकरणीला भीतीच वाटते. हात लावू की नको, असं होऊन जातं. पण घरातली जाणती बाई तिथंच बोट टेकवून बाळाची हालहवाल सांगते. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की टाळू खोल जाते. बाळ रडत नसताना, उभं धरलेलं असतानाही टाळू फुगून ताठ लागली, तर डोक्यात दाब वाढल्याची शंका घ्यायची आणि तडक डॉक्टर गाठायचे. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूची सोनोग्राफीसुद्धा याच टाळूतून करतात. निसर्गानं ठेवलेली खिडकीच म्हणा ना ही!

दीड वर्षाच्या आसपास टाळू भरते आणि ही खिडकी बंद होते. पुढं जन्मभर आपला मेंदू हाडाच्या बंद पेटीत राहतो. त्या पेटीत तीनच गोष्टी असतात : मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. डोक्याला जोराचा मार लागून आत रक्त साचलं किंवा मेंदूला सूज आली, तर पेटी काही फुगत नाही. आधी थोडं पाणी आणि थोडं रक्त बाहेर सरकून जागा करून देतात; पण ती सोय संपली की दाब झपाट्यानं चढतो आणि मेंदूला रक्त पोचेनासं होतं. आपल्या कुकरला निदान शिट्टी असते, शिट्टी अडकली तर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. कवटीला यांतलं काहीच नाही.

मग आत काय चाललंय ते कळायचं कसं? कवटीला बारीक भोक पाडून आत दाब मोजणारी तार ठेवणं, ही एक रीत. ती अचूक आहे, पण त्यासाठी मेंदूचे सर्जन हवेत, खर्च हवा, शिवाय रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा थोडा धोका आलाच. दुसरी रीत म्हणजे भोक न पाडता, बाहेरून दिसणाऱ्या खुणांवरून आतला अंदाज बांधायचा. मला या लेखात सांगायचंय ते या दुसऱ्या रीतीबद्दल. कारण यंत्रं कितीही आली, तरी या कामाचा मोठा भाग पुन्हा पुन्हा पाहणं, विचारणं आणि मघाच्या स्थितीशी ताडून बघणं हाच आहे. आणि हे काम आपल्यासारख्या बायका घरात रोज करतच असतात.

मला हे सगळं कळलं ते माझ्या धाकट्या दिरांच्या अपघातामुळं. तीन वर्षं झाली. उसाचा हंगाम जोरात होता. येरमाळ्याहून कळंबला येताना रात्री आठच्या सुमारास त्यांची मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना चकाकणारी पट्टी. हेल्मेट आमच्या घरी खुंटीला. आपल्या भागातल्या किती घरांनी हे असंच सोसलं असेल!

कुणीतरी भल्या माणसानं १०८ नंबर फिरवला. राज्यात २०१४ पासून सुरू झालेली ही रुग्णवाहिका आली आणि भाऊजींना कळंबच्या सरकारी दवाखान्यात घेऊन आली. आम्ही धावत गेलो, तर भाऊजी चक्क बोलत होते. मला म्हणाले, "वहिनी, उगं घाबरू नका, जरा खरचटलंय." जिवात जीव आला. तिथल्या तिथे त्यांना दोनदा उलटी झाली. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो, म्हणजे सीटी स्कॅन, करून घ्यायला लातूरला न्या म्हणून सांगितलं. पुरुषमंडळींत लगेच चर्चा सुरू. "बोलतोय की चांगला. झोप लागलीय, झोपू द्या. सकाळी बघू." डॉक्टर मात्र ठाम राहिले. बोलतोय म्हणजे बरा आहे असं डोक्याच्या मारात धरायचं नसतं, एवढंच ते म्हणाले आणि कागद लिहून दिला.

त्यांचं म्हणणं किती खरं, ते मला पुढं समजलं. जुन्या वाचकांना नरी कॉन्ट्रॅक्टर आठवत असतील. १९६२ च्या मार्चमध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताच्या या कप्तानाच्या डोक्यावर बसला. ते चालत मैदानाबाहेर आले. मग मात्र प्रकृती अशी ढासळली की तातडीनं मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेल पुढं आला, आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर आले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुन्हा क्रिकेटही खेळले, पण कसोटी सामना नाही. मार लागल्यावर माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, चालतो, आणि त्याच वेळी आत रक्त साचत असतं, असं होऊ शकतं. हे मधले बरे वाटणारे तासच फसवे असतात.

लातूरच्या रुग्णालयात सीटी स्कॅन झाला. मेंदूला मार होता आणि थोडं रक्त साचलेलं होतं. लगेच ऑपरेशनची गरज नाही, पण अतिदक्षता विभागात ठेवून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, असं ठरलं. भेटायला सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, एका वेळी एकच माणूस. आत जायचे ते सासरे, नाहीतर आमचे हे. "बायकांना आत काय कळणार? उगीच रडारड होईल." असं म्हणून माझ्या धाकट्या जावेला पहिल्या रात्री बाकावरच बसवून ठेवलं. तिच्याच नवऱ्याला मार लागलेला, आणि तीच दाराबाहेर! शेवटी तिथल्या एका सिस्टर म्हणाल्या, "त्यांच्या बायकोला पाठवा हो. ओळखतात का ते मला बघायचंय."

त्या सिस्टरांमुळंच मला पंधरा गुणांची परीक्षा समजली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली ती तयार केली. तोवर एक डॉक्टर लिहायचा 'गुंगीत', दुसरा लिहायचा 'अर्धवट शुद्धीत', तिसरा आणखी काही. आणि पेशंट सुधारतोय की बिघडतोय हेच कळायचं नाही. या दोघांनी साधी युक्ती काढली. तीनच गोष्टी बघायच्या आणि गुण द्यायचे.

पहिली गोष्ट डोळे. आपणहून उघडे असतील तर ४ गुण, हाक मारल्यावर उघडले तर ३, दुखवल्यावर उघडले तर २, उघडलेच नाहीत तर १. दुसरी गोष्ट बोलणं. आपण कोण, कुठं आहोत, महिना कोणता, हे नीट सांगितलं तर ५. बोलणं गोंधळलेलं असलं तर ४. नुसते सुटे शब्द आले तर ३. नुसते आवाज तर २. काहीच नाही तर १. तिसरी हालचाल. सांगितलेलं केलं, म्हणजे "हात दाबा" म्हटल्यावर हात दाबला, तर ६. दुखवलेल्या जागेकडे हात नेला तर ५, नुसतं अंग मागं ओढलं तर ४. हात विचित्र वाकवले तर ३, ताठ केले तर २, काहीच हालचाल नाही तर १. सगळे मिळून १५. कमीत कमी ३. शून्य या परीक्षेत मिळतच नाही. १३ ते १५ म्हणजे इजा सौम्य, ९ ते १२ मध्यम, आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर.

बघा, याला कुठलं यंत्र लागतं? एक शांत माणूस आणि एक घड्याळ. पण सिस्टरांनी एक गोष्ट पक्की बजावली : एकट्या आकड्यावरून काही कळत नाही, मघाचा आकडा शेजारी ठेवावा लागतो. १३ हा आकडा वाईट नाही. पण सकाळी १५ होता आणि आता १३ झाला असेल, तर तो फार वाईट आहे.

आणि नेमकं तेच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ आत गेली तेव्हा भाऊजींनी तिला नावानं हाक मारली. आमच्या घरात वडीलधाऱ्यांसमोर कुणी बायकोला नावानं हाक मारत नाही. त्यामुळं त्या सगळ्या नळ्यांमध्येही ती लाजली, असं तिनंच मला सांगितलं. संध्याकाळी पुन्हा गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. चेहरा पांढराफटक. "ताई, मघाशी नावानं बोलावलं, आता मला आई म्हणाले. आणि हाक मारल्याशिवाय डोळेच उघडत नाहीत." सासरे म्हणाले, "दमलाय तो. आईची आठवण आली असेल." पण ती काही बाकावर बसेना. सरळ सिस्टरांकडे गेली. सिस्टरांनी "बघते" म्हणून टोलवलं नाही. लगेच येऊन त्यांनी प्रश्न विचारले, हात दाबायला सांगितला, बॅटरीनं डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या आणि कागदावर लिहिलं, डोळे ३, बोलणं ४, हालचाल ६. पंधराचे तेरा झाले होते. डॉक्टर आले, पुन्हा सीटी स्कॅन झाला. रक्ताची गाठ मोठी झालेली होती. त्याच रात्री ऑपरेशन झालं.

सिस्टर दर तासाला तपासतच होत्या. पुढच्या फेरीत त्यांच्या ध्यानात हे आलंच असतं. पण डोक्याच्या मारात तेवढा वेळही मोलाचा असतो. शिवाय एक गोष्ट अशी, की हा माणूस एरवी कसा बोलतो, कुणाला कशी हाक मारतो, हे कुठल्याच सिस्टरला ठाऊक नसतं. ते बायकोला ठाऊक असतं.

ऑपरेशननंतर भाऊजींना झोपेची औषधं देऊन श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. आता पंधरा गुणांची परीक्षा निम्मीअधिक बंद. तोंडात नळी असताना बोलणार काय, आणि औषधाच्या गुंगीत हात दाबणार कोण? इथं यंत्रांची खरी गरज लागते. मी रोज एकेक गोष्ट विचारत गेले.

डोळ्यांच्या बाहुल्या औषधाच्या गुंगीतही बघता येतात. बॅटरीचा उजेड टाकला की बाहुली आकसली पाहिजे. एक बाहुली मोठी झाली आणि उजेडालाही आकसेना, तर आतल्या दाबानं डोळ्याकडे जाणारी नस चेपली जात असल्याची ती खूण असू शकते. मोठ्या रुग्णालयांत आता हे मोजायचं छोटं यंत्रही असतं. बाहुली किती आणि किती वेगानं आकसली, ते आकड्यांत सांगतं. म्हणजे दोन माणसांच्या नजरेतला फरक आड येत नाही.

एके दिवशी डॉक्टर भाऊजींच्या मिटलेल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफी करत होते. आपल्याला सोनोग्राफी म्हणजे पोटाची एवढंच माहीत! डोळ्यामागून मेंदूकडे जी नस जाते, तिचं वेष्टन मेंदूच्याच वेष्टनाचा पुढं आलेला भाग असतं. आत दाब वाढला की ते फुगतं. बुबुळाच्या गोळ्यामागं तीन मिलिमीटरवर त्याची रुंदी मोजतात. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढं गेली तर दाब वाढल्याचा संशय. टाळू बंद झाल्यावरही डॉक्टरांनी शोधून काढलेली ही दुसरी खिडकीच. तिसरी कानशिलाशी. तिथलं हाड पातळ असतं. त्यातून ध्वनिलहरी सोडून मेंदूच्या धमन्यांत रक्त किती वेगानं वाहतंय ते कळतं. ही रीत नॉर्वेच्या रूने आस्लिड यांनी १९८२ मध्ये दाखवली. आणि डोक्याला तारा चिकटवून काढायचा ई.ई.जी. तर त्याहून जुना. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा कागदावर उतरवली. गुंगीत असलेल्या पेशंटला कधीकधी आतल्या आत फिट येत असते, अंगावर काही दिसत नाही. ती या तारांनीच पकडता येते.

बोटाला लावायची चिमटी तर कोरोनाच्या दिवसांत घरोघरी पोचली. जपानचे ताकुओ आओयागी यांनी तिच्यामागचं तत्त्व मांडलं तेही १९७४ सालीच. पण ती चिमटी बोटातल्या रक्तात प्राणवायू किती ते सांगते, मेंदूला किती पोचतोय ते नाही. पडद्यावरच्या आकड्यांकडे टक लावून बसलेले नातेवाईक मी खूप पाहिले. नाडी मंद झाली की म्हणायचे, "आता शांत झोप लागली." पण डोक्याच्या मारात नाडी मंद होत जाणं, रक्तदाब चढत जाणं आणि श्वासाचा ताल बिघडणं, हे तिन्ही एकत्र आले तर ती धोक्याची आणि उशिराची खूण असते. अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांच्या नावानं ती ओळखली जाते.

तुम्ही विचाराल, भोक पाडून दाब मोजणं जास्त चांगलं नाही का? मलाही तेच वाटलं होतं. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया आणि इक्वेडोर या देशांत ३२४ रुग्णांवर याचाच अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांवर आत ठेवलेल्या तारेच्या आकड्यांवरून उपचार केले, अर्ध्यांवर सीटी स्कॅन आणि वारंवार केलेल्या तपासणीवरून. सहा महिन्यांनी पाहिलं, तर दोन्ही गटांच्या निकालात लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. याचा अर्थ तार निरुपयोगी असा नाही; पुष्कळ रुग्णांना ती लागतेच, आणि बाहेरून मोजलेलं शेवटी अंदाजच देतं. पण जिथं तार नाही तिथंही नेटानं लक्ष ठेवून जीव वाचवता येतात, एवढं त्यातून दिसलं. आपल्याकडेही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, बंगळुरूची निमहान्स, भोपाळची एम्स आणि बायोस्कॅन ही कंपनी यांनी मिळून 'सेरेबो' नावाचं हातात धरायचं यंत्र तयार केलंय. कवटीत रक्त साचलंय का, ते प्रकाशकिरणांनी सांगतं. सीटी स्कॅनची जागा ते घेणार नाही. पण लातूर-सोलापूरचा रस्ता धरायचा की नाही, हे ठरवायला तालुक्याच्या गावी असं काही हाताशी असलं तर किती बरं होईल!

भाऊजी बाराव्या दिवशी अतिदक्षता विभागातून बाहेर आले. आज चालतात, दुकानात बसतात. डाव्या हातात जोर कमी आहे, लवकर चिडतात, सांगितलेलं विसरतात. चिडकेपणा आणि विसराळूपणा ही सुद्धा मेंदूच्या इजेचीच खूण आहे, स्वभाव बिघडलेला नाही, हे घरातल्यांना समजावण्यात जावेचं वर्ष गेलं. सासरे मात्र आता कुठल्याही दवाखान्यात तिला पुढं घालतात.

आता घरातल्यासाठी थोडं. मूल झोक्यावरून पडतं, सासूबाई न्हाणीघरात घसरतात, कुणी गाडीवरून पडतं. कुणी बेशुद्ध पडलं असेल, क्षणभर का होईना, तर डॉक्टरांना दाखवायचंच. डॉक्टरांनी तपासून "घरी न्या, लक्ष ठेवा" म्हटलं, तर पहिले चोवीस तास फार महत्त्वाचे. झोपू द्यायला हरकत नाही, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानं उठवायचं. नुसतं "हं" पुरे नाही. नाव, ठिकाण, समोरचं माणूस कोण, हे विचारायचं, दोन्ही हातांनी बोटं दाबायला सांगायची. वेळ आणि उत्तर वहीत लिहून ठेवायचं. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, वाढती गुंगी, असंबद्ध बोलणं, फिट, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणं, यांतलं काहीही दिसलं तर घड्याळ न बघता निघायचं. कानात कापसाचा बोळा घालू नका, जखमेत हळद भरू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. मान न वळवता, सरळ ठेवून न्यायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगायचं. म्हाताऱ्या माणसांत तर साधं पडणंही दोन-तीन आठवड्यांनी त्रास देतं; चालणं अडखळू लागलं, बोलणं बदललं, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, पडल्याची आठवण डॉक्टरांना करून द्या.

रुग्णालयात उशाची बाजू थोडी उंच करून मान सरळ ठेवलेली असते. डोक्यातलं रक्त नीट खाली उतरावं म्हणून ते असतं. आपण मायेनं उशी सरकवून मान वाकडी करायची नाही. आणि रात्री जागायला बहुतेक घरांत बाईच असते, तेव्हा आत जाऊन पाहायचा आणि पाहिलेलं सांगायचा तिचा हक्क घरच्यांनी मानला पाहिजे. "काहीतरी वेगळं वाटतंय" एवढंच सांगू नका. मघाशी काय होतं आणि आता काय आहे ते सांगा. सिस्टर आणि डॉक्टरांना त्याचाच उपयोग होतो. मग रात्रीचे दोन वाजले असले, तरी 'उगीच कशाला त्रास' म्हणून सकाळची वाट पाहू नका.